भोगीच्या आधी घरात काय तयार असावं

येवल्यात भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस पतंग चालतो. नाशिक शहरात मात्र डिसेंबर सरता सरताच गच्चीगच्चीवर आसाऱ्या (मांजा गुंडाळायच्या फिरक्या) दिसायला लागतात, आणि पाठोपाठ मांजात अडकून पक्षी पडल्याचे फोनही सुरू होतात. पक्षी सोडवणारी मुलंमुली गावोगावी मोजकीच असतात. एक टीम पंचवटीत शिडी लावून उभी असते तेव्हा सातपूरहून, देवळालीहून, ओझरहून फोन येत असतात. एका वेळी ती एकाच झाडाखाली असणार. त्यामुळे पडलेली घार किंवा ढोकरी (बगळ्याच्या जातीचा पक्षी) वाचेल की नाही, हे बरंचसं ती ज्याच्या अंगणात पडली त्या माणसाच्या हातात असतं. त्याच्याकडे तेव्हा काय आहे आणि त्याला काय ठाऊक आहे, यावर पुढचं सगळं ठरतं. ही तयारी १२ जानेवारीच्या रात्रीपर्यंत झालेली असावी.

सगळ्यात आधी खोकं. पारवा, साळुंकी, कोकीळ यांना बुटाचं खोकं पुरतं. घार, घुबड, शराटी यांच्यासाठी मिक्सर किंवा छोट्या ओव्हनचं खोकं जपून ठेवा. पक्ष्याला आत नीट बसता यावं, पण पंख पूर्ण पसरता येऊ नयेत, हे माप. फार मोठ्या खोक्यात तो फडफडून जखम वाढवतो. हवेसाठी भोकं पाडताना पेन आतून बाहेर खुपसा, म्हणजे फाटलेल्या पुठ्ठ्याच्या कडा बाहेर राहतात आणि पिसांना, डोळ्यांना टोचत नाहीत. तळाला जुनी सुती चादर किंवा धोतराचा तुकडा अंथरा. टॉवेल नको, त्याच्या धाग्यांत नख्या अडकतात. आणि तारेचा पिंजरा अजिबात नको. घाबरलेला पक्षी जाळीवर धडका देतो आणि पंखांची, शेपटीची पिसं मोडून घेतो. मोडलेली पिसं पुढच्या पीसझडीपर्यंत बदलत नाहीत, म्हणजे जखम भरली तरी त्याला सोडता येत नाही.

खोक्यात ठेवायचं सामान थोडंच आहे. गोल टोकाची कात्री, कापसाऐवजी गॉजचे चौकोन (कापसाचे तंतू जखमेत राहतात), एक जाड सुती चादर, चिकटपट्टी, पेन, मास्क आणि टॉर्च. गरम पाण्याची रबरी पिशवी घरात असेल तर ती हाताशी ठेवा. निफाड आणि आसपासची जानेवारीतली थंडी आपल्याला नवी नाही, पारा एक आकडी होतो. पक्ष्याच्या अंगाचं तापमान साधारण ४० ते ४२ अंश सेल्सिअस असतं आणि रक्त गेलेला पक्षी ते टिकवू शकत नाही. पिशवी फडक्यात गुंडाळून खोक्याच्या फक्त अर्ध्या भागाखाली सरकवायची, म्हणजे उकडायला लागलं तर तो दुसऱ्या बाजूला सरकू शकतो.

मग नंबर. वनखात्याची हेल्पलाइन १९२६, अग्निशमन दलाचा १०१ आणि महावितरणचा १९१२ हे तिन्ही फोनमध्ये आजच टाका. विजेच्या तारेवर पक्षी लोंबकळत असेल तर बांबू घेऊन पुढे जायचं नाही, आधी १९१२ लावून प्रवाह बंद करून घ्यायचा. ओल्या किंवा धातूची पूड लावलेल्या मांजातून वीज उतरते. याशिवाय तुमच्या भागात वनखात्याच्या परवानगीनं काम करणारी पक्षीमित्र मंडळी कोण, हे वनपरिक्षेत्र कार्यालयात आधीच विचारून ठेवा. नागपूरकरांना सेमिनरी हिल्सचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, मुंबईकरांना परळचं बैलघोडा हॉस्पिटल. छोट्या गावात सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना हाच आधार असतो, पण तो सुट्टीच्या दिवशी उघडा असतो का, किती वाजेपर्यंत, हे संक्रांतीच्या सकाळी शोधत बसू नका.

पक्षी धरायच्या आधी तो कोणता आहे ते पाहा, कारण प्रत्येकाचं हत्यार वेगळं. घार, शिक्रा, घुबड यांची चोच भीतिदायक दिसते, पण धोका पायांत असतो. नख्या तळहातात रुतल्या की सुटत नाहीत. बगळा, ढोकरी, रातबगळा यांचं उलटं. ही मंडळी मान आखडून अगदी मलूल बसतात, आपण वाकलो की मान सपकन सुटते आणि चोच थेट डोळ्यावर येते. एका तरुणाच्या भुवईत ढोकरीची चोच लागलेली मी पाहिली आहे. दोन बोटं खाली असती तर डोळा गेला असता. बगळ्यापाशी चष्मा किंवा हेल्मेटशिवाय वाकू नका. पोपट बोटाचा लचका काढतो. वटवाघूळ अडकलेलं दिसलं तर उघड्या हातानं अजिबात शिवायचं नाही. त्याच्या चाव्यातून रेबीजची शक्यता धरूनच चालावं लागतं, ते काम लस घेतलेल्या माणसाचं.

धरायची रीत सगळ्यांसाठी सारखी आहे. मागून जायचं, चादर डोक्यासकट अंगावर टाकायची, अंधार झाला की तो बराच शांत होतो. मग दोन्ही पंख अंगाशी मिटतील असे दोन्ही तळव्यांनी धरून उचलायचं. छाती आवळायची नाही. आपल्यासारखं श्वासपटल (छाती आणि पोटामधला पडदा) पक्ष्याला नसतं, छातीचं हाड पुढे-मागे हलतं तेव्हाच त्याचा श्वास चालतो. प्रेमानं घट्ट धरलेल्या मुठीतही तो गुदमरून मरू शकतो. वेल्डिंगचे चामडी हातमोजे घारीसाठी चांगले, छोट्या पक्ष्यासाठी नाहीत, कारण आपण किती दाब देतोय ते त्यातून कळत नाही.

आता मांजा. इथे घाई झाली की सगळं हातचं जातं, म्हणून सविस्तर लिहितो. पंखाच्या पुढच्या कडेला, खांद्यापासून मनगटाच्या सांध्यापर्यंत, कातडीचा एक पातळ पडदा ताणलेला असतो, आणि त्याच्या कडेतून एक बारीक स्नायुबंध जातो. पंख उघडताना ही कड ताठ राहते म्हणून पक्षी उडतो. आकाशातला मांजा नेमका याच कडेत घुसतो. हाड शाबूत असतं, रक्तही पुष्कळदा थोडंच दिसतं, बघणाऱ्याला वाटतं किरकोळ आहे. तो बंध तुटला असेल तर मात्र पक्षी जमिनीवर चालत राहील, खाईल, पण उडणार नाही. लवकर पोचला तर डॉक्टर टाके घालून पडदा जोडू शकतात. कडा सुकून काळ्या पडल्या की शिवायला काही उरत नाही. म्हणूनच रुतलेला दोरा ओढायचा नाही. ओढला की तो करवतीसारखा आणखी आत जातो आणि अर्धा तुटलेला बंध पुरता तुटतो. पक्ष्याच्या दोन्ही बाजूंचा लोंबता मांजा कात्रीनं कापायचा, जखमेपाशी चार-पाच बोटं दोरा तसाच ठेवायचा आणि उरलेलं काम डॉक्टरांवर सोडायचं. झाडावर लटकलेला असेल तर आधी खाली दोघांनी चादर ताणून धरायची, मगच वरचा दोरा कापायचा. पडूनच पाय मोडलेले पक्षी कमी नसतात.

रक्त वाहत असेल तर गॉज ठेवून बोटानं हलका दाब द्या, पाच मिनिटं, मध्ये उचलून न बघता. हळद लावू नका, मलम तर नकोच. तेलकट मलमानं पिसं चिकटतात, आणि हळदीच्या थराखालची जखम डॉक्टरांना आधी धुवावी लागते. पाणी पाजायचा मोह सगळ्यांत मोठा, आणि तोच सगळ्यांत घातक. पक्ष्याच्या जिभेमागेच श्वासनळीचं तोंड उघडं असतं, ड्रॉपरचं पाणी सरळ फुप्फुसात जातं. दूध, पाव, भात काहीही नको. खोकं बंद करून चिकटपट्टी लावा, आणि त्यावर जागा, वेळ आणि कसा सापडला ते लिहा. ही चिठ्ठी फार कामाची असते. गव्हाणी घुबडासारख्या पक्ष्याची हद्द ठरलेली असते, बरा झाल्यावर त्याला तिथेच सोडायचं असतं.

खोकं शांत, अंधाऱ्या खोलीत ठेवा. दर दहा मिनिटांनी उघडून बघणं, मुलांना दाखवणं, सेल्फी काढणं यानं तो आणखी घाबरतो आणि निव्वळ धसक्यानं दगावूही शकतो. घुबड असेल तर फोटो आणि पत्ता सोसायटीच्या ग्रुपवर अजिबात टाकू नका. जादूटोण्यासाठी घुबडं विकत घेणारी माणसं आजही आहेत. आणि बरा होईपर्यंत आपल्याकडेच ठेवू, असा विचार मनातून काढा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार वन्य पक्षी घरी पाळणं गुन्हा आहे. लगेच कळवा आणि सोपवा.

स्वयंसेवकांना फोन कराल तेव्हा लोकेशन, पक्ष्याचा एक स्पष्ट फोटो आणि तो किती उंचीवर आहे, एवढं एकाच मेसेजमध्ये पाठवा. चार संस्थांना एकदम बोलावू नका, चारही टीम निघतात आणि तीन ठिकाणचे पक्षी तसेच राहतात. दुसऱ्या कुणी सोडवला तर आधीच्यांना तेवढं कळवा. ते येईपर्यंत तिथेच थांबा, कुत्री-मांजरं आणि कावळे लांब ठेवा. आणि शक्य असेल तर तुम्हीच खोकं घेऊन जा. ही मुलं नोकरी, कॉलेज सांभाळून, स्वतःच्या गाडीत स्वतःचं पेट्रोल घालून फिरतात. उशीर झाला म्हणून त्यांच्यावर खेकसणारी माणसं मी पाहिली आहेत आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. द्यायचंच असेल तर पेट्रोलचे पैसे द्या, जुन्या सुती चादरी, रद्दी, रिकामी खोकी, गॉज, हातमोजे, टॉर्चचे सेल द्या. संध्याकाळी उपचारकेंद्रावर वीस माणसांचा पोळी-भाजीचा डबा पोचवा. सकाळपासून कुणी जेवलेलं नसतं. नव्यानं काम करू पाहणाऱ्यांनी धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं आणि पहिल्या वर्षी झाडावर चढण्याऐवजी फोन घ्यायचं, नोंदी ठेवायचं काम मागून घ्यावं. तिथेच माणसं सर्वांत कमी पडतात.

पतंग उडवू नका असं मी म्हणणार नाही. येवल्याच्या आकाशाचा आनंद मलाही आहे. पण राष्ट्रीय हरित लवादानं ११ जुलै २०१७ रोजी नायलॉनच्या आणि कृत्रिम धाग्याच्या मांजावर देशभर बंदी घातली आहे, तरी तो लपूनछपून मिळतो आणि मुलांच्या हट्टापायी आपणच आणतो. घरातली आसारी एकदा स्वतः तपासा. दोरा जाळून पाहा, सुती धाग्याची राख होते, नायलॉन वितळून गोळा होतो. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी पाचनंतर पतंग खाली घ्या. बगळे, शराटी, पोपट थव्यानं चरायला जातात आणि परततात ते याच वेळेला, शिवाय उतरत्या उजेडात त्यांना दोरा दिसत नाही.

कर संपली की गच्चीवरच्या टाक्या, अँटेना, गुलमोहर आणि चिंचा यांच्यावरचा मांजा गोळा करायला एक रविवार राखून ठेवा. लांब बांबूच्या टोकाला काट्याकुट्याची फांदी बांधली की दोरा तिच्यावर गुंडाळून येतो. गुंता तसाच कचऱ्यात टाकू नका, कचरा डेपोवर घारी आणि गायबगळे त्यातच अडकतात. कात्रीनं बोटभर तुकडे करून, पिशवीत बांधून, घंटागाडीत सुक्या कचऱ्यात द्या. उंच वडा-चिंचांवरचा मांजा अग्निशमन दलाची शिडी मागून मेअखेरपर्यंत काढून घ्यावा, कारण पाऊस सुरू झाला की बगळे आणि ढोकऱ्या त्याच फांद्यांवर घरटी बांधायला येतात.