ओगोनी लोकांचा विषय मंडळात कसा मांडायचा

सोलापुरात आम्ही आठ-दहा जण महिन्यातून एकदा रविवारी जमतो, एकजण विषय मांडतो, मग चर्चा. नायजेरियातल्या ओगोनी लोकांचा विषय मी दोनदा मांडलाय आणि पहिल्यांदा चुकलो, म्हणून हे लिहितोय.

चूक अशी की मी डायरेक्ट फाशीपासून सुरुवात केली. १० नोव्हेंबर १९९५, ओगोनींचे लेखक-नेते केन सारो-विवा आणि आणखी आठ जण, लष्करी राजवट. लोक हळहळले, पण तेलानं त्या गावांचं नेमकं काय केलं ते कुणालाच कळलं नाही.

पाण्यापासून सुरू करा. सोलापूरकराला पाणी समजावून सांगावं लागत नाही की ओ, नळाला चार-पाच दिवसांआड पाणी आणि उजनीची लाइन फुटली की तेही गेलं, मग बोअर. आता विचारा, त्या बोअरच्या पाण्यावरच तेल तरंगत असलं तर? ओगोनी भागात ओगाले म्हणून गाव आहे, तिथं सरकारी कंपनीच्या पाइपलाइनजवळ भूजलावर तेलाचा ८ सेंटीमीटरचा थर सापडला. पोरांची पट्टी घेऊन जा आणि ८ सेंटीमीटर म्हणजे किती ते सगळ्यांना दाखवा, मी दुसऱ्यांदा तेच केलं. तिथल्या प्यायच्या विहिरींत बेंझिन, म्हणजे कॅन्सर करणारं रसायन, जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या ९०० पटींहून जास्त निघालं. हे संयुक्त राष्ट्रांच्या २०११ च्या अहवालात आहे, आणि सगळं साफ करायला २५ ते ३० वर्षं लागतील असंही त्यात म्हटलंय.

मग कारण सांगा, थोडक्यात. १९५८ ला तिथं तेल लागलं, पण जमिनीखालचं तेल केंद्र सरकारचं. दहा कोटींच्या देशात हे पाच लाख लोक, त्यांच्या मताला वजन किती राहणार? पैसा बाहेर गेला, गळती गावात राहिली. १९९० ला त्यांनी हक्कनामा काढला, ४ जानेवारी १९९३ ला सुमारे तीन लाख माणसं शांतपणे रस्त्यावर आली.

आता एस्थर किओबेल यांच्यावर या, इथं वेळ द्या. फाशी दिलेल्या नऊ जणांत त्यांचे पती होते. त्या आधी शेजारच्या बेनिन देशात पळाल्या, मग अमेरिकेत आसरा मिळाला, आणि तिथनं त्यांनी ओगोनी भागात तेल काढणाऱ्या शेल कंपनीवर केस टाकली, की या अत्याचारांत लष्करी सरकारला कंपनीची साथ होती. २०१३ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की परदेशात घडलेलं इथं चालणार नाही, मग त्या नेदरलँड्सच्या कोर्टात गेल्या, तिथं २०२२ ला पुरावा अपुरा म्हणून दावा फेटाळला. शेलनं आरोप कायम नाकारलेत, तेही सांगायचंच, लपवू नका. देश सोडावा लागलेल्या माणसाचं बोलणं वाचताना त्यानं भोगलेलं काय आणि त्याचा आरोप काय हे वेगळं लिहून काढा. बाई हरल्या म्हणून विहिरीतलं बेंझिन खोटं ठरत नाही.

आपल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांचा विषय कुणीतरी काढणारच, काढू द्या. नायजेरियाच्या राष्ट्राध्यक्षांनी जून २०२५ मध्ये त्या नऊ जणांना माफी दिली, आणि बऱ्याच ओगोनी लोकांना ती पटली नाही, कारण माफी गुन्हेगाराला देतात, त्यांना निर्दोष म्हणा ही मागणी आहे. इथं प्रश्न टाका : १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर गेलेल्या आपल्या चौघांना इंग्रजांनी नंतर माफी जाहीर केली असती तर आपण ती घेतली असती का? आणि मग तुम्ही गप्प बसा, त्यांना बोलू द्या.