लॅमिंग्टन रोडला पळायच्या आधी डिस्क घरीच तपासा

पीसी मध्येच अडकतोय, फाईल उघडताना एरर येतोय, म्हणून लगेच मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडचा कॉम्प्युटर बाजार गाठू नका, तिथे काही जण मशीन बघायच्या आधीच नव्या एसएसडीचा (हार्ड डिस्कऐवजी बसवतात त्या वेगवान डिस्कचा) भाव सांगतात. पहिलं म्हणजे महत्त्वाचे फोटो, कागदपत्रं दुसरीकडे कॉपी करा. मग विंडोज 10 किंवा 11 मध्ये धिस पीसी उघडून सी ड्राईव्हवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, चेक. स्कॅनची गरज नाही असं म्हणालं तरी स्कॅन ड्राईव्ह दाबाच. गडबड सापडली तर दुरुस्तीसाठी पीसी रीस्टार्ट मागू शकतो, तेव्हा लॅपटॉपचा चार्जर लावून ठेवा आणि कितीही वेळ लागला तरी मध्येच बटण दाबून बंद करू नका. जुनी हार्ड डिस्क कट-कट वाजत असेल तर मात्र स्कॅनच्या भानगडीत पडूच नका, डेटा काढा आणि डिस्क बदला.