आईचं माहेरचं आडनाव टाका, मुलं सापडतील

जॅक द रिपर या १८८८ च्या लंडनमधल्या खुन्याच्या बळींचे नातेवाईक शोधताना निकोल्स, चॅपमन आडनावांची रांगच लागते. इंग्लंडच्या जनरल रजिस्टर ऑफिसच्या ऑनलाइन जन्मसूचीत (खातं फुकट) आईचं माहेरचं आडनावही टाका. जुन्या छापील सूचीत ते १९११ पासून दिसतं, इथे थेट १८३७ पासून.

बळींपैकी मेरी ॲन निकोल्स माहेरची वॉकर, लग्न १८६४ चं. म्हणून आडनाव निकोल्स, आई वॉकर, साल १८६६, अधिक-उणे २. मुलगा आणि मुलगी वेगळं शोधावं लागतं, तेवढी कटकट. मग लंडनबाहेरचे जिल्हे गाळा, उरलेली नावं १८७१ आणि १८८१ च्या जनगणनेत ताडून बघा.

अविवाहित आईचं मूल मात्र असं हाती लागत नाही: ते तिच्याच आडनावाखाली असतं, माहेरच्या रकान्यात नुसती रेघ.