सांघिक बुद्धिबळात पहिल्यांदा खेळताना: अर्ध्या गुणाचा हिशेब

वैयक्तिक स्पर्धांतून आलेला खेळाडू सांघिक सामन्यात हमखास गडबडतो तो गुणांच्या हिशेबात. ऑलिम्पियाडसारख्या चार पटांच्या लढतीत जिंकणाऱ्या संघाला 2 गुण, बरोबरीला 1. सामना कोणाचा हे डाव-गुणांवर ठरतं: पटावरचा डाव जिंकला तर 1, बरोबरीला ½. अडीच डाव-गुण झाले की सामना तुमचा. 2024 मध्ये बुडापेस्टला भारताने अमेरिकेला 2½–1½ हरवलं: गुकेश आणि अर्जुन एरिगैसी जिंकले, प्रज्ञानंद हरला, नाशिकच्या विदित गुजराथीने लेवॉन अरोनियनला बरोबरीत रोखलं. तो अर्धा गुण नसता तर सामना 2–2 सुटला असता.

म्हणून संघ 2–1 पुढे असेल, शेवटचा डाव तुमचाच उरला असेल आणि समोरून बरोबरीचा प्रस्ताव आला, तर एक प्यादं जास्त असलं तरी खुशाल घ्या. 1–2 मागे असाल तर बरोबरी म्हणजे पराभवच; वजिरावजिरी (वजिराच्या बदल्यात वजीर मारणं) टाळा, मोहरी पटावर राहू द्या. ठरत नसेल तर पंचांसमोर कर्णधाराला विचारा, ‘बरोबरी घेऊ का?’ तो हो, नाही किंवा ‘तू ठरव’ एवढंच म्हणू शकतो. पटावरच्या स्थितीबद्दल त्याला अवाक्षरही काढता येत नाही.

पटांचा क्रम स्पर्धेआधी द्यावा लागतो, मग बदलत नाही. दुसऱ्या पटावरचा खेळाडू विश्रांतीला बसला की खालचे एकेक वर सरकतात, राखीव चौथ्यावर येतो. रंग पटागणिक आलटून पालटून असतात. त्यामुळे पांढऱ्याची तयारी करून झोपलेला तिसरा खेळाडू दुसऱ्या पटावर काळी घेऊन बसतो. आदल्या रात्रीच विचारून ठेवा, उद्या कोण बसणार आहे ते.

सगळ्यात जास्त अर्धे गुण सांडतात ते तिसऱ्यांदा आलेल्या स्थितीचा दावा करताना, म्हणजे पटावर तीच स्थिती तिसऱ्यांदा आली म्हणून बरोबरी मागताना. समजा, 58 व्या खेळीला हत्ती ई3 वर नेला की तीच स्थिती तिसऱ्यांदा येणार आहे. हत्तीला हात लावू नका. खेळी आधी कागदावर लिहा, घड्याळ थांबवा, पंचांना बोलवा. हत्तीला हात लागला की त्या खेळीपुरता हक्क गेला. दावा चुकला तर प्रतिस्पर्ध्याला 2 मिनिटं वाढवून मिळतात आणि लिहिलेली खेळी खेळावीच लागते. पंच तपासतात ते नोंदीवरूनच. प्रत्येक खेळीला 30 सेकंद वाढत असतील, तर वेळ कितीही कमी उरली तरी लिहिणं सक्तीचं आहे. मधल्या चार खेळ्या सुटल्या की हक्काची बरोबरीही सिद्ध करणं अवघड होऊन बसतं.