भेंडीवरची भुरी औषधाला दाद देत नसेल तर

मुरबाड-शहापूरकडे भाताच्या खाचरात लावलेली भेंडी तोडणीला आली की भुरी हा बुरशीचा रोगही येतो. रात्री थंडी, दुपारी कोरडं ऊन, हे तिला मानवतं. रुजायला पानावर पाण्याचा थेंबही लागत नाही. आधी खालच्या पानांवर पीठ सांडल्यासारखे ठिपके दिसतात, मग पूर्ण पान पांढरं होऊन गळतं.

फवारणी करूनही दहा दिवसांत भुरी जशीच्या तशी असेल, तर औषध बनावट ठरवण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. शेतातली भुरी सगळी एकाच स्ट्रेनची, म्हणजे एकाच उपप्रकाराची, नसते. स्ट्रोबिन गटाचं औषध बुरशीच्या सायटोक्रोम बी या प्रथिनाला चिकटून तिची ऊर्जा तोडतं. काही स्ट्रेनमध्ये त्या प्रथिनात 143व्या जागी ग्लायसिन या अमिनो आम्लाऐवजी अ‍ॅलानिन असतं आणि तिथे औषधाला पकडच मिळत नाही. दर फवारणीला बाकीचे स्ट्रेन मरतात, हे उरतात आणि मोकळ्या पानावर पसरतात. मग मात्रा दुप्पट करूनही पैसेच जातात. कोनॅझोल गटात घसरण बहुधा हळूहळू होते: डाग येतात, पण उशिरा आणि लहान, पुढच्या हंगामात आणखी लवकर.

नुसता ब्रँड बदलून उपयोग नाही. डब्यावरचं तांत्रिक नाव वाचा. हेक्साकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल, डायफेनोकोनॅझोल हा एकच कोनॅझोल गट, मायक्लोब्युटानिलही त्यातलंच. अ‍ॅझॉक्सीस्ट्रोबिन आणि क्रेसॉक्झिम-मिथाइल दुसऱ्या, स्ट्रोबिन गटातले. जोड औषधांत बरेचदा हेच दोन गट एकत्र असतात, त्यामुळे नवा डबा आणूनही फवारणी जुनीच होते.

शंका घरी तपासता येते. भुरी जिवंत पानावरच वाढते, म्हणून पानंच वापरायची. न फवारलेल्या झाडाची कोवळी, स्वच्छ 15 पानं देठासह घ्या. पाच साध्या पाण्यात, पाच शंकेच्या औषधात लेबलच्या मात्रेने, पाच गंधकात बुडवून सावलीत सुकवा. हातमोजे घाला. देठाला ओला कापूस गुंडाळून टाकाऊ डब्यांत ठेवा आणि रोगट पान वर धरून टिचकीने पीठ झाडा. गंधकाचा डबा वेगळ्या खोलीत हवा. गंधक वाफेनेही काम करतं, शेजारच्या पानांवरची भुरीही दबते आणि निकाल फसतो. आठ-दहा दिवसांनी औषधाची पानं पाण्याच्या पानांइतकीच पांढरी झाली, तर तो गट या हंगामापुरता बंद करा. पाण्याची पानंही स्वच्छ राहिली, तर लागणच झाली नाही. तपासणी पुन्हा करा.

फवारणीची सुरुवात गंधकाने करा: पाण्यात मिसळणारं 80 टक्के गंधक, लिटरला 2 ते 2.5 ग्रॅम, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 30 ते 38 ग्रॅम. ते बुरशीवर एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालतं, म्हणून एका जनुकीय बदलाने निसटणं तिला अवघड जातं. पारा 32 अंशांवर जात असेल तर सकाळीच फवारा, नाहीतर पानं करपतात. निंबोळी तेल आणि गंधक यांच्यात किमान दोन आठवडे ठेवा. स्ट्रोबिन हंगामात दोनदाच, तेही ठिपके दिसताच, लागोपाठ नको. पानाची खालची बाजू भिजली पाहिजे, कारण अर्धवट मात्रेत चिवट स्ट्रेनच टिकतात.

कोनॅझोल जपून वापरण्याचं आणखी एक कारण आहे. फुप्फुसाच्या बुरशीवर माणसांना दिली जाणारी इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल ही औषधं त्याच कुळातली. त्यांना न जुमानणारी अ‍ॅस्परजिलस बुरशी भारतातल्या मातीतही सापडल्याचं 2012 मध्ये प्रसिद्ध झालं. ही बुरशी कुजणाऱ्या काडीकचऱ्यात वाढते, म्हणून फवारलेला पाला खताच्या ढिगात टाकू नका आणि ढीग उलटताना मास्क लावा.

भेंडीचा तोडा दिवसाआड असतो. फवारणी तोडा झाल्यावरच करा. लेबलवर पाच दिवसांची प्रतीक्षा लिहिली असेल, तर त्या पाच दिवसांतली भेंडी वाशीच्या बाजारात पाठवू नका, तोडून बाजूला काढा.