जुनी वेबसाइट मोबाइलवर आणताना या चुका टाळा

मागच्या हंगामात सांगलीच्या मार्केट यार्डात एका आडत दुकानात बसलो होतो. हळद घेऊन आलेले एक काका मोबाइलवर त्याच दुकानाची वेबसाइट उघडून दर बघत होते. अक्षरं मुंगीएवढी. दोन बोटांनी पान मोठं केलं की दराचा रकाना दिसायचा, पण तो दर राजापुरीचा की दुसऱ्या कुठल्या मालाचा हे सांगणारा पहिला रकाना स्क्रीनबाहेर जायचा. शेवटी त्यांनी फोन खिशात ठेवला आणि दिवाणजींना विचारलं. त्याच दिवशी मालकांनी ही साइट मोबाइलवर नीट दिसेल अशी करायचं काम माझ्याकडे दिलं.

बहुतेकांची पहिली चूक म्हणजे मोबाइलसाठी वेगळी, छोटी साइट काढणं. मग दर दोन ठिकाणी भरायचे आणि कधीतरी एका ठिकाणी परवाचेच राहायचे. शिवाय गुगल आता पानाचं मोबाइलवरचं रूप वाचूनच नोंद घेतं. त्यामुळे मोबाइलवर ‘सुटसुटीत’ करायला म्हणून जो मजकूर काढाल, तो शोधातूनही जातो. साइट एकच ठेवा, तीच पडद्याच्या रुंदीप्रमाणे बदलू द्या. वेगळी साइट आधीच असेल आणि लगेच मोडता येत नसेल, तर प्रत्येक पान त्याच्या जोडीच्या पानाकडे वळवा. बेदाण्याचे दर उघडणाऱ्याला होमपेजवर नेऊन सोडलं, तर तो परत शोधत बसत नाही.

अख्खं पान दिसतंय पण बारीक, असं असेल तर व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग, म्हणजे पान किती रुंद धरायचं हे ब्राउझरला सांगणारी कोडमधली ओळ, नाही असं समजा. तो नसला की फोनचा ब्राउझर पान साधारण ९८० पिक्सेल रुंद धरतो आणि आवळून दाखवतो. टॅगमध्ये रुंदी डिव्हाइसइतकी आणि सुरुवातीचं स्केल १ एवढंच द्या. झूम बंद करणारी सेटिंग कुणी टाकली असेल तर ती काढाच. चष्मा घरी विसरलेल्या माणसाला तेवढाच आधार असतो.

टॅग टाकल्यावरही पान आडवं सरकत असेल, तर आत काहीतरी ठरीव रुंदीचं आहे. क्रोम ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये (पानाचं कोड तपासायची सोय) रुंदी ३६० पिक्सेल ठेवा आणि सगळ्या घटकांना तात्पुरती लाल आउटलाइन द्या. बाहेर डोकावणारा डबा लगेच सापडतो. फोटोंना कमाल रुंदी १०० टक्के द्या. दराच्या तक्त्याभोवती एक डबा घालून तेवढाच आडवा सरकू द्या आणि पहिला रकाना स्टिकी करा, म्हणजे बाकीचं सरकलं तरी तो जागेवर राहील. काकांची अडचण एवढ्यानं सुटली असती.

आता आपल्याकडचं खरं दुखणं: जुने मराठी फॉन्ट. कृतिदेव, शिवाजी, श्री-लिपी अशा फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत. दुकानातल्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट असतो, म्हणून मालकांना सगळं ठीक दिसतं. फोनवर मात्र इंग्रजी अक्षरांचा कचरा. काही जण साइटलाच तो फॉन्ट जोडतात. दिसायला मराठी दिसतं, पण ‘हळद दर’ शोधणाऱ्याला ते पान सापडत नाही, कारण आत ‘हळद’ हा शब्दच नाही. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा संकेत देणाऱ्या पद्धतीत, आणल्याशिवाय इलाज नाही. कन्व्हर्टर वापरा, पण त्यावर विसंबू नका. पहिली वेलांटी आणि रफार हमखास चुकीच्या अक्षरावर जातात. मिरज, किंमत, दर्जा असे शब्द मुद्दाम शोधून वाचा. मी प्रत्येक पान मोठ्यानं वाचतो, वेळ जातो, पण गिऱ्हाइकाच्या नावातला रफार हलला तर त्याला ते लागतं.

इंग्रजी थीमच्या ओळींमधलं अंतरही मराठीला पुरत नाही, मात्रा आणि उकार एकमेकांत घुसतात. ओळीची उंची अक्षराच्या दीडपटीहून थोडी जास्त ठेवा. अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असेल तर शिरोरेघ तुटते, ते शून्यावर आणा.

फोटो सीएसएसने (पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडने) छोटा केला म्हणून हलका होत नाही. ५ एमबीचा फोटो ५ एमबीच उतरतो. आधीच हजारेक पिक्सेल रुंदीचा करून वेबपी या हलक्या फाइल-प्रकारात ठेवा. फोन नंबर दाबताच कॉल लागेल असा जोडा. चौकशी फॉर्मच्या रकान्यातली अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान असली तर आयफोनवर पान उगाच झूम होतं.

बदल करूनही फोनवर जुनंच दिसलं तर कोडवर संशय घेण्याआधी कॅशे (ब्राउझरने साठवलेली जुनी प्रत) रिकामी करा, आणि सीएसएस फाइलच्या पत्त्यापुढे आवृत्तीचा आकडा वाढवा.

तपासणी ऑफिसच्या वायफायवर उरकू नका. दुपारी बाराला यार्डात जा, मोबाइल डेटावर एखादा साधा, दोन-तीन वर्षं वापरलेला फोन घ्या. एक हात पोत्यावर ठेवून दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं आजचा दर उघडून बघा.