राऊटर गुण्यात नसेल तर आधी कर्ण मोजा

भोसरीतल्या एका फर्निचरच्या शेडमध्ये मी सीएनसी राऊटरवर, म्हणजे संगणकाच्या हुकमाने लाकूड कापणाऱ्या मशीनवर, लागलो, तेव्हाची ही गोष्ट. वॉर्डरोबची 600 मिमी रुंदीची दारं कापून साइटवर पाठवली होती. दोन दारं शेजारी लावली, तर वरच्या कडेला मधोमध अर्ध्या सुताची, म्हणजे साधारण दीड मिमीची पायरी. बिजागऱ्या फिरवून वरची कड जुळवली, की दारांमधली फट खालीवर पाचरीसारखी व्हायची. माप बरोबर होतं, पण दारं गुण्यात नव्हती, म्हणजे कोपरे काटकोनात नव्हते.

मी केलेली चूक आधी सांगतो, कारण नवीन मुलं हमखास तीच करतात. मी दोन दिवस कंट्रोलरमधले स्टेप्स, म्हणजे एक मिमी सरकायला मोटरने किती पावलं फिरायचं तो आकडा, बदलत बसलो. तिरकेपणा तसाच राहिला आणि बरोबर असलेली मापंही बिघडली. शेवटी शेडमधल्या जुन्या मिस्त्रींनी थांबवलं. म्हणाले, "अरे, आधी काय वाकडंय ते तर बघ. मग पाना हातात घे."

त्यांची पद्धत मी आजही वापरतो. बेडवर, म्हणजे मशीनच्या टेबलावर, एमडीएफचा तुकडा घट्ट पकडायचा आणि 6 मिमीच्या बिटने चार भोकं मारायची: वाय दिशेला (मशीनच्या लांबीत) 800, एक्स दिशेला (रुंदीत) 600. तुकडा मध्येच हलवायचा नाही. शीटची कड यात कुठेच येत नाही, हे महत्त्वाचं. कंपनीची कड गुण्यात असेलच असं धरून चाललात की मशीनची चूक आणि मालाची चूक वेगळी काढता येत नाही. भोकांत पिना बसवायच्या. मग एक लाकडी पट्टी एका कर्णावर ठेवून खूण करायची आणि तीच पट्टी दुसऱ्या कर्णावर धरून दुसरी खूण करायची. टेपने 1000 मिमीचा कर्ण वाचताना अर्धा मिमी सहज इकडेतिकडे होतो; पट्टीवरच्या दोन खुणांमधलं अंतर मात्र व्हर्नियरने नेमकं मोजता येतं.

आमचा फरक 2.5 मिमी आला. या मापाच्या चौकोनात कर्णांच्या फरकाला 1.6 ने भागलं की 600 मिमीमागे किती तिरकं आहे ते मिळतं. आलं साधारण 1.56, म्हणजे दारावरची तीच पायरी! कटर वाहून नेणारा आडवा पूल म्हणजे गॅन्ट्री; तो दोन्ही बाजूंच्या दातेरी पट्ट्यांवर, म्हणजे रॅकवर, चालतो. आमच्या दोन रॅकमधलं अंतर 1500, तेव्हा गॅन्ट्रीचं एक टोक 3.9 मिमी पुढे होतं. हा आकडा ऐकताच मिस्त्री रॅकपाशी जाऊन बसले. सरळ दातांचा 1.25 मॉड्यूलचा (मॉड्यूल म्हणजे दाताच्या आकाराचं माप) रॅक, त्याच्या दोन दातांमधलं अंतर 3.93 मिमी. रॅकवर फिरणारं मोटरचं छोटं दातेरी चाक, म्हणजे पिनियन, बरोबर एक दात सरकला होता.

मेन स्विच बंद करून ब्रशने रॅक साफ केला, तेव्हा दातांच्या बुडाशी एमडीएफचा भुसा दगडासारखा बसलेला निघाला. त्यात पिनियनला दाबून धरणाऱ्या स्प्रिंगचा बोल्ट ढिला. वायच्या दोन बाजूंना दोन मोटर होत्या, पण होम सेन्सर एकाच बाजूला, त्यामुळे होमिंग करूनही, म्हणजे मशीन सुरुवातीच्या जागेवर नेऊनही, तिला चूक कळत नव्हती. सेन्सर नसलेली दुसरी बाजू सोडवली, पिनियन एक दात मागे घेतला, बोल्ट आवळला आणि पुन्हा चार भोकं मारली. फरक 0.2 वर आला. कुठली बाजू पुढे आहे हे कर्णच सांगतो: जवळच्या डाव्या कोपऱ्यातून लांबच्या उजव्या कोपऱ्याकडे जाणारा कर्ण मोठा असेल, तर उजवी बाजू पुढे.

कर्ण जुळले आणि तरी माप चुकतंय, तर दुखणं वेगळं. 100 चा आणि 1000 चा असे दोन तुकडे कापा. दोन्ही सारखेच कमी-जास्त आले तर बिटचा व्यास तपासा. धार लावलेलं 6 चं बिट 6 राहत नाही. चूक लांबीच्या प्रमाणात वाढत असेल तरच स्टेप्सला हात लावा. गोल कापताना दिशा बदलते त्या चार जागी पायरी उमटली तर बॅकलॅश, म्हणजे जोडांमधला ढिलेपणा, आहे. कपलिंग (मोटर जोडणारा सांधा) आणि पिनियनचे ग्रब स्क्रू (शाफ्टवर आवळणारे बिनडोक्याचे छोटे स्क्रू) बघा. गोल तिरका लांबट आला तर पुन्हा गॅन्ट्रीकडेच या.

स्पिंडलचा, म्हणजे बिट फिरवणाऱ्या मोटरचा, ओळंबा याच्यानंतर. बेडवर रुंद कटर फिरवल्यावर दोन पट्ट्यांच्या मधे नखाला धार लागली, तर स्पिंडल त्या आडव्या दिशेला कललेला आहे. स्पिंडलला डायल (बारीक फरक दाखवणारं काट्याचं मापक) बांधून हाताने पूर्ण फेरी फिरवा आणि चारी बाजूंचं वाचन जुळेपर्यंत माउंटिंग प्लेटच्या बोल्टमागे पातळ शिम (पत्र्याच्या चकत्या) घाला. बेडवरचं एमडीएफ मात्र सगळ्यात शेवटी तासायचं. मी एकदा ते आधी तासलं, मग स्पिंडल सरळ केला, आणि नवीन बोर्ड दुसऱ्यांदा तासावा लागला.